खंबाटकी ते म्हैसाळ : सांडलेल्या तेलाच्या वाटेनं कृष्णाकाठ

पहिला दिवस : खंबाटकी, वेळे, भुईंज

खंबाटकीच्या माथ्यावर पडलेलं पाणी दोन वाटा धरतं. उत्तर उताराचं खंडाळ्याकडून नीरेला आणि पुढं भीमेला जातं, दक्षिण उताराचं वेळे-सुरूरकडच्या ओढ्यांनी कृष्णेला. घाटात उलटलेल्या टँकरमधलं तेलही याच वाटांनी जाणार. म्हणून ही पाहणी नदीच्या उगमापासून न करता महामार्गाच्या मोऱ्यांपासून सुरू केली. टँकर कुठं उलटू शकतो, तेल कोणत्या ओढ्यानं नदीला लागेल आणि सांगलीपर्यंत ते कुठं कुठं अडवता येईल, एवढंच बघायचं होतं. जानेवारीचा शेवट मुद्दाम धरला. या दिवसांत बंधारे भरलेले असतात, गळीत हंगाम जोरात असतो आणि महामार्गावर डिझेल-पेट्रोलच्या जोडीला मळी (मोलॅसिस) आणि इथेनॉलचे टँकर पळत असतात. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात त्या वेगळ्याच.

समुद्रातल्या तेलगळतीसाठी आपल्याकडे बांधलेली व्यवस्था आहे. १९९६ पासून राष्ट्रीय आराखडा आहे, त्याची सूत्रं तटरक्षक दलाकडे आहेत आणि ७०० टनांपर्यंतची गळती त्यात पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर येते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं, तेव्हा ही यंत्रणा उतरली होती. तरीही रायगडच्या बाजूची तिवरं काळी पडलीच. वीस हजार लिटरचा डिझेल टँकर पूर्ण रिकामा झाला तरी सांडणार सतरा टनांच्या आत. पण जहाजाच्या तेलाला पसरायला अरबी समुद्र असतो, इथं वीस फुटी ओढा आहे आणि त्याच्या टोकाला गावांच्या पाण्याच्या विहिरी. नदीकाठच्या गळतीची जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे येते. त्यांची माणसं पोचेपर्यंतचे पहिले दोन तास मात्र महामार्ग पोलीस, अग्निशमनची एखादी गाडी आणि जवळच्या गावातले लोक यांच्याच हातात असतात. या पाहणीत पाहिलेलं जवळजवळ सगळं त्या दोन तासांसाठी आहे.

साताऱ्याकडून पुण्याला जाणारी वाहनं बोगद्यातून जातात. बोगद्यापुढचं खंडाळ्याच्या बाजूचं एस आकाराचं वळण अपघातांसाठी बदनाम आहे, पण तिथं सांडलेलं नीरेकडे जाईल. कृष्णेच्या दृष्टीनं महत्त्वाचा तो वेळ्याकडे उतरणारा रस्ता. मालाचा टँकर उतारावर ब्रेक तापून निकामी झाल्यानं किंवा वळणावर आतलं तेल एका बाजूला हिंदकळल्यानं कलंडतो. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा बेभरवशाचा असतो, कारण तेलाला हलायला जागा मिळते.

टँकर आतून कप्प्यांचा असतो. एकेका कप्प्यात साधारण चार ते पाच हजार लिटर, वर मॅनहोलचं झाकण, तळाला फूट व्हॉल्व्ह आणि तिथून बाजूला येणारी माल उतरवायची पाइपलाइन. आडवा पडला तरी पत्रा बहुधा फाटत नाही. गळतं ते झाकणाच्या गॅस्केटमधून आणि हवेच्या नळीतून. बाजूची पाइपलाइन तुटली तरी तळाचे व्हॉल्व्ह बंद असतील तर लाइनमध्ये राहिलेलं थोडंच तेल जातं. ते उघडे राहिले असतील तर तुटलेल्या लाइनला जोडलेला अख्खा कप्पा रिकामा होतो. म्हणून चालक शुद्धीवर असेल तर त्याला पहिला प्रश्न हाच: कोणते कप्पे भरलेले आहेत आणि तळाचे व्हॉल्व्ह बंद आहेत का?

त्याआधी लांबूनच मागची आणि बाजूची पाटी वाचायची. १२०२ म्हणजे डिझेल, १२०३ पेट्रोल, ११७० इथेनॉल. सोबतच्या कोडच्या शेवटी 'ई' अक्षर असेल तर वस्ती हलवण्याचा विचार लगेच करायचा. पेट्रोल सांडलेलं असेल तर चारही बाजूंनी किमान ५० मीटर मोकळे हवेत; सांडणं मोठं असेल तर वाऱ्याच्या दिशेला ३०० मीटर, आणि टँकर आगीत सापडला तर ८०० मीटर. कॅन आणि कळश्या घेऊन येणारी गर्दी हा इथला सर्वांत मोठा धोका आहे. जून २०१७ मध्ये पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ उलटलेल्या टँकरचं पेट्रोल गोळा करताना भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. गर्दी हटल्याशिवाय तेल अडवायच्या कामाला हात लावू नये, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो.

दुसरी घाई क्रेनची. रस्ता मोकळा करायच्या दडपणाखाली भरलेलाच टँकर उभा करायला जातात, साखळीचा ताण एका जागी येतो, पत्रा फाटतो आणि तोवर शंभर-दोनशे लिटरवर असलेली गळती हजारांवर जाते. आधी दोन्ही टँकर अर्थिंगच्या तारेनं जोडायचे, ठिणगी न उडवणाऱ्या पंपानं माल दुसऱ्या टँकरमध्ये काढायचा आणि मगच क्रेन लावायची. रस्ता तीन तास जास्त बंद राहील. राहू द्यावा.

उतारावरच्या मोऱ्या एकेक करून पाहिल्या. या दिवसांत बरेच ओढे कोरडे असतात. कोरड्या मोरीचं तोंड मुरुमाच्या पोत्यांनी बंद करायचं, एवढंच काम. पोती विटांच्या सांध्यासारखी एकाआड एक रचायची आणि वरच्या अंगाला ताडपत्री लावायची. पेट्रोलचा अपवाद आहे. वस्तीजवळच्या खोलगट जागेत पेट्रोल कोंडलं तर वाफ साचते आणि जिवावर बेतते. पातळ थरातलं पेट्रोल काही तासांत बरंचसं उडून जातं, त्यामुळं त्याला वस्तीपासून दूर, उघड्यावर वळवणं बरं. डिझेल तसं उडत नाही. त्याला अडवायलाच हवं.

ओढा वाहता असेल तर साधा बांध चालत नाही. पाणी चढतं, बांधावरून वाहतं आणि वर तरंगणारं तेल आधी जातं. तिथं बांधाखालून पाणी सोडायचं. ओढा अरुंद आणि काठ मीटरभर उंच असेल अशी, ट्रॅक्टर पोचणारी जागा धरायची. सहा इंची पीव्हीसी पाइपाचे तीन-तीन मीटरचे तुकडे प्रवाहात आडवे न टाकता उताराला धरून ठेवायचे. वरच्या अंगाचं तोंड ओढ्याच्या तळाशी आणि खालच्या अंगाचं तोंड दीड-दोन फूट उचललेलं. वर पोत्यांचा बांध. बाहेरचं तोंड ज्या उंचीला असेल त्याच्या आसपास आतलं पाणी थांबतं, आत शिरायचं तोंड खोल बुडालेलं राहतं, त्यामुळं खालचं पाणी निघून जातं आणि तेल वर अडतं. आतल्या तोंडावर किमान फूटभर पाणी पाहिजे. कमी पडलं तर भोवरा धरतो आणि तेल त्या भोवऱ्यातून ओढलं जातं. अशा वेळी बाहेरचं तोंड वीट लावून थोडं उचलायचं. पाणी बांधाच्या माथ्याकडे चढू लागलं तर पाइप कमी पडतायत, आणखी एक घालायचा. पहिला बांध थोडाफार गळतोच, म्हणून खाली शंभर पावलांवर दुसरा लगेच सुरू करायचा.

साठलेलं तेल उपसताना शेतातला साधा सेंट्रिफ्यूगल पंप लावू नये. तो तेल-पाणी घुसळतो आणि त्याचं वेगळं न होणारं मिश्रण करतो. डायफ्रॅम पंप बरा. नसेल तर बादल्या.

दुपार भुईंजच्या पुलाजवळ गेली. महामार्ग इथं कृष्णा ओलांडतो. पुलावर टँकर कठड्याला घासला तर ओढ्याची सवलतच नाही, तेल थेट पात्रात. हिशोब करून पाहण्यासारखा आहे. एक लिटर तेल एक मायक्रॉन जाडीचा थर होऊन हजार चौरस मीटरवर पसरतं. अडीच हजार लिटर पाण्यात गेलं आणि पात्र साठ मीटर रुंद धरलं, तर एवढ्या थरानं चाळीस किलोमीटर नदी झाकली जाईल. प्रत्यक्षात तेल असं सारखं पसरत नाही, पट्टे होतात. पण डोळ्यांना दिसणारा रंग कामाला येतो. चंदेरी तवंग म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रॉन, इंद्रधनुषी ०.३ ते ५, धातूसारखी झाक ५ ते ५०, आणि तेलाचा खरा रंग दिसू लागला की त्याहून जाड. चंदेरी आणि इंद्रधनुषी थर गोळा करायच्या मागं लागू नये, हाताला काही लागत नाही. माणसं तेलाच्या रंगाच्या पट्ट्यावर लावावीत.

दुसरा दिवस : माहुली, उंब्रज, कराड

सकाळी माहुलीला. वेण्णा इथं कृष्णेला मिळते. महामार्ग साताऱ्याच्या उत्तरेला वेण्णा ओलांडतो, पुढं उरमोडी, उंब्रजला तारळी, कराडला कोयना आणि किणीजवळ वारणा. कुठल्याही पुलावर सांडलं तरी पाणी शेवटी सांगलीकडेच येतं. फरक पडतो तो किती वेळात, याचा.

माहुलीचे घाट काळ्या दगडाचे, पायऱ्यांच्या सांध्यांत चुना आणि शेवाळ. समुद्रकिनाऱ्याची नाजूकता मोजायची एक पट्टी असते. लाटा झेलणारा उघडा कातळ एक क्रमांकाला, तिवरं आणि दलदल दहाला. घाटाच्या गुळगुळीत पायऱ्या या पट्टीवर एक क्रमांकाच्या टोकाला, सोप्या. नेमक्या इथंच सर्वांत जास्त नुकसान साफ करणाऱ्यांकडून होतं, कारण जागा लोकांच्या डोळ्यांसमोर असते आणि ती लवकर चकचकीत करायची घाई असते. मार्च १९६७ मध्ये कॉर्नवॉलच्या टोकाला टॉरी कॅनियन जहाज फुटलं आणि सुमारे १,१९,००० टन तेल गेलं. किनाऱ्यावर दहा हजार टनांच्या आसपास डिटर्जंट ओतलं गेलं आणि कातळावरचे शंख-शिंपले तेलापेक्षा त्या डिटर्जंटनं जास्त मेले. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझचं सुमारे ३७,००० टन तेल सांडल्यावर किनारे गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतले. धुतलेले भाग सावरायला उलट जास्त वेळ लागला, कारण गरम पाण्यानं तेलाबरोबर जिवंत थरही गेला आणि काही तेल गोट्यांच्या खाली ढकललं गेलं.

घाटावर म्हणून साबण पावडर नको, रॉकेल तर नकोच. पाण्याच्या रेषेबाहेर तरंगता अडसर आधी लावायचा. मग वरच्या पायरीवरून नदीच्याच थंड पाण्याचा कमी दाबाचा पसरट फवारा सोडून तेल खाली अडसरात आणायचं, आणि तिथं शोषकानं उचलायचं. सांध्यात राहिलेलं लाकडी पट्टीनं खरवडायचं. दगडावर थोडी काळी छटा उरेल. ती ऊन-पावसानं जाते.

शोषकाचा विषय आला की आपल्या भागात उसाचं पाचट आणि बगॅस मुबलक आहे. दोन्ही चालतात, पण कोरडेच. ती तेलाबरोबर पाणीही पितात आणि भिजून बुडाली की नदीच्या तळाला तेलाची पोती नेऊन ठेवल्यासारखं होतं. कांद्याच्या जाळीदार पोत्यांत पाचट सैल भरायचं, पोती एकमेकांना नायलॉनच्या दोरीत ओवायची, दोरीबरोबर बांबू बांधायचा म्हणजे माळ तरंगत राहते. पोतं निम्मं भिजलं की बदलायचं. काढलेलं पोतं काठावर न टाकता प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात किंवा ड्रममध्ये ठेवायचं. तेलकट पाचट चांगलं जळतं, त्यामुळं गुऱ्हाळाच्या चुलवाणासाठी किंवा वीटभट्टीसाठी लोकांची त्यावर नजर जाते. तसं होऊ देऊ नये. २०१६ च्या नियमांनी हा धोकादायक कचरा आहे आणि तो रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रावरच जायला हवा. गोळा करताना माती आणि पाणी जितकं कमी येईल तितकं वजन आणि खर्च कमी, म्हणून खोऱ्यानं ओरबाडण्यापेक्षा वरवर उचलणारी माणसं लावावीत.

माहुलीहून उंब्रजपर्यंत काठ बदलत जातो. कुठं काळ्या मातीची उभी दरड, कुठं गोट्यांचे पट्टे, कुठं पाणकणसाचं बेट. समुद्राला भरती-ओहोटी असते, तेलाचा पट्टा तिच्याबरोबर वरखाली पसरतो. कृष्णेला धरणांची आवर्तनं आहेत. धोममधून किंवा कोयनेकडून पाणी सुटलं की पातळी चढते, तेल काठावर वर चिकटतं. पाणी बंद झालं की तो पट्टा उघडा पडतो आणि वाळतो. त्यामुळं गळतीची बातमी कळताच पाटबंधारे खात्याला पहिली विनंती विसर्ग आहे तसा स्थिर ठेवण्याची करावी. गावातून हमखास मागणी येते की जादा पाणी सोडा, सगळं वाहून जाईल. तेलाच्या बाबतीत ती मान्य करू नये. तेल वाहून कुठं जाईल? कराडच्या विहिरीत.

गोट्यांच्या पट्ट्यावर वरून काही दिसत नसलं तरी आत तेल असू शकतं. फावड्यानं फूटभर खोल खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपू द्यायचं आणि वर तवंग येतो का ते बघायचं. येत असेल तर वरचा थर पाण्याच्या रेषेत खाली ओढून प्रवाहालाच तो धुऊ द्यायचा, खालच्या अंगाला शोषकाची माळ लावून. गोटे उचलून नेऊ नयेत, पुढच्या पावसात तिथं काठ खचतो.

कराडच्या अलीकडे खोडशीचा बंधारा. इथं सर्वांत जास्त वेळ थांबलो. २ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ फ्लोरेफला डिझेलची मोठी टाकी फुटली आणि सुमारे २८ लाख लिटर डिझेल मोनोंगाहेला नदीत गेलं. नदीवर ओळीनं बंधारे होते. प्रत्येक बंधाऱ्यावरून पडताना डिझेल पाण्यात घुसळलं गेलं, थेंब होऊन खाली गेलं आणि पृष्ठभागावर लावलेले अडसर निकामी ठरले. खाली ओहायो नदीकाठच्या शहरांना नदीतून पाणी घेणं एकामागून एक बंद करावं लागलं. खोडशीवरून ओसंडणाऱ्या पाण्याचा फेस पाहिला की हे लगेच पटतं. म्हणून तेल बंधाऱ्याच्या वरच्या अंगालाच, संथ पाण्यात गाठायला हवं. सांडव्याखाली ते हाती लागत नाही.

संथ म्हणजे किती? काठानं वीस मीटर मोजायचे, संत्रं सोडायचं, वेळ बघायची. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळं वाऱ्यानं फारसं ढळत नाही. चाळीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. प्रवाहाला काटकोनात लावलेल्या अडसराखालून तेल सेकंदाला ०.३५ मीटरच्या पुढं निसटायला लागतं, अडसर कितीही चांगला असो. मग तो तिरपा लावायचा. अर्ध्या मीटरला प्रवाहाशी साधारण ४५ अंश, ०.७ मीटरला ३० आणि एक मीटरला जेमतेम २० अंश. ३० अंशात लावायचा तर अडसराची लांबी पात्राच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे ऐंशी मीटर पात्राला १६० मीटर. खालचं टोक अशा काठाला आणायचं जिथं ट्रॅक्टर आणि टाकी उभी राहील. टोक आणि काठ यांत वीतभर जरी फट राहिली तरी सगळं तेल त्या फटीतून जातं. तिथं पोती आणि ताडपत्री लावून सांधा बुजवायचा.

प्रीतिसंगमावर संध्याकाळी कृष्णा आणि कोयना या दोन्ही नद्यांचं पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसलं. मधल्या शिवेवर फेस आणि पानं जमतात. तवंगही तिथंच जमेल, हे ध्यानात ठेवायचं. ती तयार गोळा केलेली ओळ असते.

तिसरा दिवस : बहे, भिलवडी, औदुंबर

कराडच्या खाली नदी खऱ्या अर्थानं उसाच्या मुलखात शिरते. बह्याचं रामलिंग बेट झाडीनं गच्च आहे. बेटाच्या वरच्या टोकाला प्रवाह दुभंगतो आणि तरंगणारं सगळं तिथं अडतं. नकाशावर जागा ठळक केली आणि पुढं निघालो.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी ही नदी तळ्यांची माळ होते. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात तोवर फुगवट्यात पाणी जवळजवळ उभं असतं आणि तिथं वाऱ्याचं राज्य चालतं. तेल प्रवाहाचा पूर्ण वेग आणि वाऱ्याच्या वेगाचा साधारण तीन टक्के भाग घेतं. ताशी वीस किलोमीटरचा वारा तेलाला सेकंदाला १७ सेंटिमीटर ढकलतो. फुगवट्यातला प्रवाह पाच सेंटिमीटरचा असेल तर तेल उलटं, वरच्या अंगालाही सरकू शकतं. अडसर लावण्याआधी म्हणून वाऱ्याकडे बघायचं, आणि दुपारी तो फिरला की माणसं दुसऱ्या काठाला न्यायची तयारी ठेवायची.

बंधारा स्वतः उपयोगी पडतो का? पाणी बरग्यांच्या फटींतून खालून झिरपत असेल तर होय, तो ओढ्यावरच्या पाइपाच्या बांधासारखंच काम करतो आणि तेल वर धरून ठेवतो. पाणी बरग्यांवरून ओसंडत असेल तर तो तेल घुसळून खाली देतो. वरच्या धरणातून येणारं पाणी थोडं कमी करून पातळी माथ्याच्या चार बोटं खाली आणली तरी मोठा फरक पडतो. अशा वेळी घाईत बरगे काढू नयेत.

काठावर मोटारींची रांग आहे. उपसा योजनांच्या मोठ्या पंपांपासून शेतकऱ्याच्या साडेसात अश्वशक्तीच्या मोटारीपर्यंत. फूट व्हॉल्व्ह खोल असेल तर वरचा तवंग ओढला जात नाही. पाणी उतरलं आणि व्हॉल्व्हवर दोन फूटही पाणी उरलं नाही की भोवऱ्यानं डिझेल आत येतं, ठिबकच्या नळ्यांत बसतं आणि रबरी भाग फुगतात. तेलाचा पट्टा जाईपर्यंत मोटारी बंद ठेवणं हा उपाय, आणि त्यासाठी विजेचा फीडरच बंद करायला सांगणं शंभर शेतकऱ्यांना फोन करण्यापेक्षा खात्रीचं.

या पट्ट्यात टँकरमध्ये तेलच असेल असं धरता येत नाही. मळीची घनता पाण्याच्या दीडपटीच्या जवळपास, १.४ च्या आसपास. ती तरंगत नाही, तळाला बसून डोहात साचते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. सप्टेंबर २०१३ मध्ये होनोलुलूच्या बंदरात जहाजावर चढवताना पाइपातून सुमारे १,४०० टन मळी गळली आणि २६,००० हून जास्त मासे मेले. मळीपुढं अडसर, पाचट, शोषक सगळं व्यर्थ. ती ओढ्यातच अडवायची आणि उपसायची. नदीत गेलीच तर विरघळलेला प्राणवायू मोजत राहायचा, पहाटे विशेष, कारण तेव्हा तो सर्वांत कमी असतो; लिटरमागं चार मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे काठाशी येऊन तोंड वासायला लागतात. इथं मात्र जादा पाणी सोडणं उपयोगाचं आहे. तेलाला जो उपाय घातक, तोच मळीला लागू पडतो, म्हणून टँकरमध्ये काय आहे हे कळण्याआधी धरणाला फोन करू नये. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, तेही अडवता येत नाही. त्याची ज्वाळा दिवसाउजेडी दिसतच नाही म्हटलं तरी चालेल आणि साधा फोम त्यावर टिकत नाही, अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. जवळच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तो असतो. त्यांचा नंबर अग्निशमनाकडे असायलाच हवा.

भिलवडीचा घाट आणि औदुंबर यांच्या आसपास मगरींचा वावर आहे. साफसफाईची माणसं पाण्यात उतरवण्याआधी वनखात्याला बरोबर घ्यायचं. मगरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाच्या मातीत घरटं करून अंडी घालतात. तेलकट हातांनी किंवा बुटांनी ती जागा तुडवली तर अंड्याच्या कवचाची छिद्रं बुजू शकतात. अशा काठाला दोरी लावून माणसं लांबच ठेवावीत, भले थोडं तेल तिथं राहिलं तरी.

पाणकणसाच्या बेटांबद्दलही हेच. जेसीबी आत घालायचा मोह होतो. मार्च १९७८ मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर अमोको काडिझचं २,२३,००० टन तेल आलं. इल ग्रांदच्या दलदलीत यंत्रांनी तेलकट माती उचलून नेली आणि तिथला झाडोरा न छेडलेल्या दलदलीपेक्षा उशिरा सावरला. इथं तेलकट पानं पाण्याच्या वर कापायची, मुळं आणि गाळ तसाच ठेवायचा, आणि चालायला फळ्या टाकायच्या. चिखलात पाय रुतला की तेल मुळांपर्यंत जातं.

चौथा दिवस : सांगली, हरिपूर, म्हैसाळ

सांगलीत विषय पिण्याच्या पाण्याचा. डिझेलचा वास माणसाला अगदी अत्यल्प प्रमाणातही येतो, त्यामुळं पाणी प्रयोगशाळेत नापास होण्याआधी घराघरांतून तक्रारी येतात. क्लोरीननं तेल जात नाही, वास उलट वाईट होतो. जॅकवेलचे, म्हणजे नदीचं पाणी उचलणाऱ्या विहिरीचे, पंप तेलाचा पट्टा येण्याआधी बंद करायचे, टाक्या आधी भरून घ्यायच्या, आणि पाणी घ्यावंच लागलं तर सक्रिय कोळशाची पूड मिसळून मग तुरटी आणि गाळण. कोळशाचा साठा जवळ नसेल तर हे सगळं कागदावर राहतं. पोती मागवायला दोन दिवस लागतात, तेल मात्र रात्रीत येतं.

काळ्या गाळाची काळजी वेगळी. जुलै २०१० मध्ये मिशिगनमध्ये कालामाझू नदीत पाइपलाइनमधून जड तेल आलं. हलका भाग उडून गेला, उरलेलं गाळाला चिकटून बुडालं आणि तळ साफ करायला वर्षं लागली. फर्नेस ऑइलचा टँकर पावसाळ्यात, गढूळ पाण्यात गेला तर त्याचं थोडंफार असंच होईल. तेव्हा फक्त वर बघून 'गेलं' असं म्हणू नये.

आयर्विन पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी वाचली जाते. धोक्याची ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. पुरात तेल महामार्गावरून यायची गरज नसते, ते शहरातच असतं. पेट्रोल पंपाची जमिनीखालची रिकामी टाकी पाण्याखाली गेली की वर उचलू पाहते. वीस हजार लिटरच्या टाकीवर पाण्याचा वरचा रेटा वीस टनांचा. टाकी हलली की जोडणी तुटते. म्हणून पुराचा इशारा आला की टाकी रिकामी करण्यापेक्षा भरून ठेवावी, भरणीची झाकणं घट्ट करावीत आणि हवेची नळी पुराच्या रेषेच्या वर न्यावी. गॅरेजमधलं जळकं ऑइल आधी उचलावं. ते दोन ड्रम एका गल्लीतल्या भिंती, धान्य आणि अंथरुणं नासवायला पुरे असतात.

हरिपूरला वारणा मिळते. ज्या गावाची हळदीची पेवं पुरानं खराब झाली, तिथल्या लोकांना गाळाबरोबर येणारा तवंग समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी विचारलं ते वेगळंच: काठ साफ झाला हे कधी म्हणायचं? त्याची ठरलेली रीत आहे. काठाचे शंभर-दोनशे मीटरचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला क्रमांक, काठाचा प्रकार, पट्ट्याची रुंदी, जाडी आणि खोली लिहायची, आणि काम सुरू करण्याआधीच थांबायची खूण ठरवायची. घाटावर हात पुसला तर डाग लागू नये. गोट्यांत खड्ड्याच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग येऊ नये. पाणकणसात मोकळं तेल दिसू नये, डाग राहिला तरी चालेल. खूण आधी ठरली नाही तर एक तुकडा चार वेळा खरवडला जातो आणि पुढच्या तुकड्याला कोणी पोचतच नाही.

म्हैसाळला बंधाऱ्याशी पाहणी संपवली. इथलं पाणी कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्याला आणि पुढं कर्नाटकाला लागतं, त्यामुळं निरोप जिल्ह्याबाहेर आणि राज्याबाहेर गेला पाहिजे. त्या निरोपात एवढं असावं: पाटीवरचा क्रमांक आणि मालाचं नाव, किती लिटर पाण्यात गेलं याचा अंदाज, कुठं आणि किती वाजता, संत्र्यानं मोजलेला वेग आणि शेवटच्या बंधाऱ्यावरून पाणी ओसंडतंय की झिरपतंय. वेग सेकंदाला ०.३ मीटर असेल तर तेल दिवसाला सव्वीस किलोमीटर जातं. फुगवट्यात त्याहून बरंच कमी. खालच्या गावाला पंप कधी बंद करायचा ते यावरून काढता येतं. दर सहा तासांनी नवं मोजमाप पाठवायचं, आधीचा अंदाज चुकीचा ठरला असेल तर तसं स्पष्ट लिहून.